स्व-निगेची रंगचित्रे

स्व-निगेची रंगचित्रे : शी-शू, हात धुणे, दात घासणे, अंघोळ, वेणीफणी, कपडे घालणे ही मुलांची रोजची कामे दाखवणारी, केवळ बाह्यरेषा असलेली चित्रे. मूल ती रंगवते आणि रंगवता रंगवता त्या कामाचा क्रम, त्यातल्या वस्तू आणि शब्द त्याच्या ओळखीचे होतात. अंगणवाड्या, बालवाड्या, विशेष मुलांच्या शाळा, व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) विभाग आणि घर अशा सर्व ठिकाणी ती वापरली जातात. चाकाच्या खुर्चीतले मूल, कमी दिसणारे मूल, न बोलणारे मूल, वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत डबा घेऊन उभे राहणारे मूल अशा कोणालाही त्या चित्रात आपण दिसलो, तर ते चित्र सर्वसमावेशक म्हणायचे. विशेष शाळांतले शिक्षक या कामांना ‘दैनंदिन जीवन कौशल्ये’ किंवा नुसते ‘ए.डी.एल.’ (‘ॲक्टिव्हिटीज ऑफ डेली लिव्हिंग’) म्हणतात.

स्वतःची निगा हा शिक्षणाचाच भाग आहे, हा विचार बालशिक्षणात जुना आहे. मारिया माँटेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तिथे हात धुणे, नाक पुसणे, बटणे लावणे यांचे रीतसर पाठ होते. बटणे, नाड्या, बंद यांच्या सरावासाठी लाकडी चौकटी होत्या आणि त्या आजही माँटेसरी वर्गांत दिसतात. महाराष्ट्रात हा विचार ताराबाई मोडक (1892–1973) आणि अनुताई वाघ (1910–1992) यांनी गावात नेला. 1945 साली बोर्डी येथे त्यांनी काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत हे दिसल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेण्यात आली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. मुलांना अंघोळ घालणे, नखे कापणे, केस विंचरणे ही त्या अंगणातल्या दिवसाची सुरुवात असे, गाणी-गोष्टी त्यानंतर. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोचला. आज अंगणवाडीत हात धुण्याचे चित्र रंगवणाऱ्या मुलाच्या मागे हा वारसा आहे.

दुसरा धागा रुग्णालयातून येतो. कमला निंबकर यांनी 1950 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण देणारी भारतातली पहिली शाळा सुरू केली. या शास्त्रात मूल स्वतः कपडे घालते का, संडासात स्वतः बसते-उठते का, याला परीक्षेतल्या गुणांइतकेच महत्त्व आहे. मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या, आता बौद्धिक अक्षमता असलेली म्हणतात त्या मुलांच्या शाळांत 1970च्या दशकात मद्रासमध्ये तयार झालेली ‘एम.डी.पी.एस.’ (मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टिम) ही मुलाला काय काय येते ते मोजणारी मोजपट्टी रुळली. तिच्यात 18 क्षेत्रे आणि 360 कौशल्ये आहेत. शौच, नीटनेटकेपणा आणि कपडे ही त्यांतली स्वतंत्र क्षेत्रे. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांसाठी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी विकसित केलेली आणि 1972 मध्ये त्या राज्याने स्वीकारलेली ‘टीच’ पद्धत कामाचे टप्पे चित्रांनी समोर मांडते. मोरीजवळच्या भिंतीवर चार-सहा चित्रांची पट्टी लावण्याची आपल्याकडची पद्धत त्याच विचाराशी नाते सांगते. ती पट्टी मुलाने स्वतः रंगवलेली असली की ती त्याची होते.

छापील बाह्यरेषा भरण्याला कलाशिक्षकांचा विरोध आहे, आणि तो योग्य कारणासाठी आहे. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली आपल्या ग्रंथात रंगवण्याच्या पुस्तकांवर कडक टीका केली. दुसऱ्याची रेघ भरत राहिलेले मूल स्वतःची रेघ ओढायला बिचकते, असा त्यांचा मुद्दा. मोकळ्या चित्रकलेच्या तासाला ही टीका पूर्ण लागू आहे. स्व-निगेच्या चित्राचे काम मात्र वेगळे. इथे कलाकृती घडवायची नसते, एका कठीण किंवा लाजेच्या विषयावर शांतपणे बोलायचे असते. नजर कागदावर आणि हाताला काम असले की मूल बोलते. ‘संडासात मला अंधाराची भीती वाटते’ हे वाक्य प्रश्न विचारून निघत नाही. दाराला काळा रंग देताना ते आपोआप निघते. म्हणून शेजारी बसून बोलणारे मोठे माणूस हा या साधनाचा अर्धा भाग आहे. चित्र देऊन मुलाला एका जागी गप्प बसवायचे असेल, तर ही चित्रे वापरू नयेत.

चित्रात काय काढायचे, इथेच बहुतेक चुका होतात. इंटरनेटवरून छापून घेतलेल्या चित्रांत फेसाने भरलेला टब, त्यात पिवळे बदक, कमोडशेजारी कागदाचा रोल असतो. खेड्यातल्या किंवा चाळीतल्या मुलाच्या घरी यातले काहीच नसते. त्याच्या ओळखीच्या वस्तू म्हणजे बादली, मग किंवा तांब्या, मोरीचा कठडा, पाट, दोरीवरचा पंचा, पाणी तापवायचा बंब किंवा गॅसवरचे पातेले. अंघोळ आधी की नंतर तेल, पावडर कुठे लावतात, वेणीला रिबीन की रबर, हे घराघरांत निराळे असते. दिवाळीतल्या पहाटेचे उटणे, पणतीचा उजेड आणि आईचा तेलाचा हात हे चित्र मुले फार आवडीने रंगवतात, कारण त्या दिवशी अंघोळ म्हणजे सण असतो.

शौचाचे चित्र सर्वांत अवघड, आणि म्हणूनच बहुतेक संचांतून ते गाळले जाते. ते गाळू नये. भारतीय पद्धतीच्या संडासासाठी टप्पे असे येतात : दार लोटणे, चड्डी काढून खुंटीला अडकवणे, पायऱ्यांवर पाय ठेवून उकिडवे बसणे, मगाने पाणी घेऊन धुणे, संडासात पाणी ओतणे, चड्डी घालणे, साबणाने हात धुणे. धुण्यासाठी डावा हात ही रीत मुलांना घरी शिकवतात. ज्या मुलाचा डावा हात अर्धांगामुळे चालत नाही, त्याला मात्र हे चित्र रोज सांगते की तू चुकतोस. त्याच्या पट्टीत उजवा हातच दाखवावा आणि साबणाचे चित्र मोठे काढावे. पायात कॅलिपर (आधाराची पट्टी) असलेल्या, उकिडवे बसू न शकणाऱ्या मुलासाठी मध्ये भोक असलेली प्लास्टिकची खुर्ची काढावी. अनेक घरांत ती खरोखर असते. डायपर किंवा लघवीची नळी वापरणाऱ्या मुलासाठी पिशवी, हात धुणे आणि ‘आईला हाक मारली’ हाही मानाचा टप्पा असतो. मदत मागणे हे स्वावलंबनात मोडते, हे त्या चित्राने न बोलता सांगावे.

वस्तीतल्या मुलांचे वास्तव आणखी वेगळे. मोठ्यांसाठी बांधलेल्या सार्वजनिक शौचालयात लहान मुलांना भांड्यात पडण्याची भीती वाटते, रांगेत मोठे त्यांना मागे सारतात, आणि मग ती बाहेर गटाराच्या कडेला बसतात. पुण्यात 1999 नंतर महापालिकेने स्पार्क आणि महिला मिलन यांच्यासारख्या संस्थांबरोबर बांधलेल्या वस्ती-शौचालयांत लहान मुलांसाठी वेगळी, छोट्या मापाची सोय करण्यात आली. अशा वस्तीतल्या अंगणवाडीत घरच्या बाथरूमचे चित्र वाटणे म्हणजे निम्म्या वर्गाला बाहेर ठेवणे. तिथे डबा, रांग, ताईचा धरलेला हात आणि परत आल्यावरचा नळ, एवढे चित्रात असायला हवे.

कातडीच्या रंगाचा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. ‘बाई, स्किन कलर द्या’ असे म्हणून मुले फिकट गुलाबी खडू मागतात, आणि मागणाऱ्याचा हात गडद तपकिरी असतो. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने ‘फ्लेश’ नावाचा खडू 1962 साली ‘पीच’ केला आणि 2020 मध्ये त्वचेच्या 24 छटांचा संच काढला. आपल्या बारा खडूंच्या पेटीतही मार्ग आहे : आधी नारिंगी हलक्या हाताने, त्यावर तपकिरी, हवा तर वरून पिवळा. कागद हाताशेजारी धरून मुलाने स्वतःच्या हाताशी रंग जुळवून पाहावा. आणखी एक सवय मोडण्याजोगी आहे. ‘साबण लावून गोरे व्हायचे’ अशी वाक्ये अंघोळीच्या गप्पांत सहज येतात. अंघोळीने मळ जातो, रंग जात नाही, हे चित्र रंगवतानाच सांगता येते. माणसांची निवडही पाहावी : बाबा मुलीची वेणी घालताहेत, आजी नातवाला न्हाऊ घालते आहे, श्रवणयंत्र काढून डबीत ठेवून मग मुलगा अंघोळीला बसतो आहे. शेवटचे चित्र श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाच्या घरी रोज लागणारे आहे, कारण यंत्रात पाणी गेले की बिघडते.

शरीर दाखवताना मर्यादा पाळली जाते. मूल पाठमोरे, मोरीच्या कठड्याआड किंवा बादलीमागे काढतात. त्याच वेळी ‘दार लावले’, ‘टकटक केली’, ‘आत कोण येऊ शकते’ ही चित्रे संचात घातली, तर सुरक्षित-असुरक्षित स्पर्शाचे बोलणे घाबरवल्याशिवाय सुरू होते. अवयवांची नावे साधी आणि खरी वापरावीत. ज्या मुलाला अंघोळीसाठी कायम दुसऱ्याची मदत लागते, त्याला हे शब्द माहीत असणे सर्वांत गरजेचे असते, कारण त्याच्या अंगाला अनेकांचे हात लागतात. मदतीसाठी 1098 ही मुलांची हेल्पलाइन आहे. तो आकडा रंगवायला देणाऱ्या शिक्षिका योग्यच करतात.

रंगवण्याची कृतीही प्रत्येकाला जमेल अशी करावी लागते. दृष्टिहीन मुलासाठी रेषांवर फेविकॉलची धार सोडून रात्रभर वाळवतात किंवा लोकर चिकटवतात. मग मूल बोटांनी कडा शोधते आणि रंगाऐवजी पाण्याच्या जागी गुळगुळीत कागद, पंचाच्या जागी कापड, साबणाच्या जागी साबणाचाच चुरा चिकटवते. कागदाखाली डासांची जाळी ठेवून मेणखडूने गिरवले की रेघ बोटाला लागते. ही सर्वांत स्वस्त युक्ती. कमी दिसणाऱ्या मुलासाठी जाड काळी रेघ, एका पानावर एकच वस्तू, मागे रिकामी जागा. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी) असलेल्या मुलासाठी कागद चिकटपट्टीने टेबलाला बसवतात आणि खडूभोवती कापडी पट्टी गुंडाळून तो जाड करतात. खडूचे तुकडे कमी लेखू नयेत : बोटभर तुकडा तीन बोटांनीच धरावा लागतो, म्हणून पकड सुधारते. ज्याला खडू धरताच येत नाही, ते मूल नजरेने रंग निवडते आणि भरणारा हात दुसऱ्याचा असतो. ते चित्र त्या मुलाचेच धरावे.

स्वमग्न मुले चित्र शब्दशः घेतात. चित्रात लाल मग आणि घरी निळा, एवढ्यावर अंघोळ अडू शकते. म्हणून आधी घरच्या मोरीचे फोटो, मग त्यावरून काढलेली रेषाचित्रे हा क्रम बरा. केस धुताना डोळ्यांत पाणी जाणे, नखे कापण्याचा आवाज, फ्लशचा खळखळाट यांचा त्यांना खरा त्रास होतो. तो हट्ट नसतो. पट्टीत ‘डोळे मिटले’, ‘दहापर्यंत मोजले’, ‘संपले’ अशी चित्रे असली की शेवट कुठे आहे ते त्यांना दिसते.

शिकवताना अनेकदा शेवटच्या टप्प्यापासून मागे येतात. चड्डी चढवण्याचे सारे काम आई करते, कमरेवर ओढायचे शेवटचे काम मूल करते. ते जमले की त्याच्या आधीचा टप्पा. रंगपट्टीतही मूल जे स्वतः करते तेच चौकोन रंगवते, बाकीचे कोरे राहतात. दोन-तीन महिन्यांनी पट्टीकडे पाहिले की रंग उजवीकडून डावीकडे सरकलेला दिसतो.

तपशील अचूक हवा. हात धुण्याच्या चित्रात साबण लावून किमान 20 सेकंद चोळणे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठा आणि नखे यांचे स्वतंत्र चौकोन असावेत. एकच नळाचे चित्र पुरत नाही. टूथपेस्ट ब्रशभर काढण्याची जाहिरातीतली सवय चित्रांतही आली आहे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते, आणि वाटाणा रंगवायला मुलांना मजा येते. सहा-सात वर्षांपर्यंत घासताना मोठ्यांनी हात लावावाच लागतो, म्हणून त्या चित्रात दोन हात असावेत.

मुले मोठी होतात तशा पट्ट्या बदलतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींसाठी पाळी येण्याच्या आधीच, नऊ-दहा वर्षांच्या सुमारास, पॅड बदलण्याची पट्टी सुरू करतात : पॅड उघडणे, चड्डीला चिकटवणे, वापरलेले कागदात गुंडाळणे, डब्यात टाकणे, हात धुणे. पॅडवरचा डाग मुलगी स्वतः लाल खडूने रंगवते, म्हणजे पहिल्या दिवशी रक्त पाहून ती घाबरत नाही. मुलग्यांसाठी दाढी, काखेतली स्वच्छता आणि बंद दार यांच्या पट्ट्या असतात. या वयात बाहुल्यांसारखी गोल चेहऱ्यांची चित्रे काढून टाकावीत; तेरा वर्षांच्या मुलाला तेरा वर्षांच्या मुलाचेच चित्र द्यावे. पट्टी ओली होऊ नये म्हणून ती पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घालून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, मोरीच्या दाराच्या आतल्या बाजूला लावतात.