दुधाची दाढ: काढण्यापासून राखण्यापर्यंत

इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या मराठी घरांत सहा-सात वर्षांच्या मुलाची दाढ दुखू लागली की आजीचं मत ठरलेलं: पडणारच आहे, काढून टाका. एके काळी डॉक्टरही बहुधा तेच करत. पण मागची दुधाची दाढ दहा ते बारा वर्षांच्या दरम्यान पडते. ती सहाव्या वर्षी काढली, तर मागची कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या उपदाढेला जागा उरत नाही.

दुधाच्या दाढेत कीड आतल्या नसेपर्यंत लवकर पोचते ती रचनेमुळे. इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, जेमतेम एक मिलिमीटर, कायमच्या दाताच्या साधारण निम्मं, त्याखालचं डेंटिनही पातळ. नसेची शिंगं, म्हणजे टोकं, वर आलेली, त्यातही गालाकडचं पुढचं शिंग सगळ्यांत उंच, त्यामुळे ड्रिल आधी तिथेच घुसतं. शेजारच्या दाढा रुंद, सपाट भागात टेकतात. मधली कीड वरून दिसत नाही, एक्स-रेतच कळते. (सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात रबडी खाऊन ब्रश न करताच झोपलेलं मूल हे तिचं हक्काचं गिऱ्हाईक.) नसेच्या कोठडीच्या तळाशी बारीक वाटा असल्यानं पू मुळांच्या टोकापेक्षा त्यांच्या बेचक्यातच जास्त दिसतो.

दाढ राखायची, तर वरची सुजलेली नस काढून मुळांतली जिवंत ठेवायची. इथेच उरलेल्या नसेवर लावायचं फॉर्मोक्रेसॉल हे औषध आलं. १९०४मध्ये पुढे आलेल्या या औषधाच्या नेहमीच्या मिश्रणात १९ टक्के फॉर्माल्डिहाइड आणि ३५ टक्के क्रेसॉल. दुधाच्या दाढांवर ते १९३०च्या दशकापासून अनेक खेपांत वापरत. पुढे पाचपट पातळ करून, पिळलेल्या बोळ्यानं पाच मिनिटं, एकाच बैठकीत काम उरकू लागलं. यशही चांगलं मिळे, म्हणून कुणी फारसं विचारलं नाही. २००४मध्ये फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक ठरवलं गेलं आणि वाद पेटला. एक बाजू म्हणते, बोळ्यातलं प्रमाण इतकं कमी की मुलाला धोका सिद्ध झालेला नाही. दुसरी म्हणते, एमटीए हे खनिज सिमेंट हाताशी असताना मुलाच्या तोंडात हे कशाला? दुसरी बाजू जास्त पटते; मात्र एमटीए महाग, आणि किंमत पालकांच्या खिशातून जाते, हे पहिल्या बाजूचं खरं बळ.

औषध कोणतंही असो, पारख एकच. नस कापल्यावर ओल्या बोळ्यानं दाब द्यायचा. पाच मिनिटांत रक्त थांबलं नाही, तर मुळांतली नसही सुजलेली आहे, आणि वर कितीही चांगलं औषध भरलं तरी दाढ पुन्हा दुखते. थांबलं तर औषध, त्यावर सिमेंट आणि शेवटी स्टीलची तयार कॅप. १९५०पासून वापरात असलेली ही कॅप पालकांना दिसायला आवडत नाही. पण नुसत्या सिमेंटच्या कडेनं लाळ झिरपते, आणि बरीच फसलेली कामं तिथेच फसलेली असतात.