फोलपटं, चिपाडं आणि पाण्यातलं शिसं

पाणी शुद्ध करणाऱ्या वनस्पतींचा विषय निघाला की आपल्याकडचे लेख हमखास निवळीच्या बियांपासून सुरू होतात. पण निवळी गढूळपणा खाली बसवते. विरघळलेलं शिसं किंवा कॅडमियम पाण्यात असूनही पाणी नितळच दिसतं. शेतातल्या टाकाऊ मालाने असे विरघळलेले धातू पाण्यातून काढण्याचा इतिहास वेगळा आहे.

पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत कोळसा भरत. नारळाच्या करवंटीचा कोळसा सरस, पण करवंट्या पुरेनात. म्हणून १९१८ साली अमेरिकेत पीचच्या आठळ्या आणि अक्रोडाची टरफलं घराघरांतून गोळा करायची मोहीम निघाली. एका मुखवट्याला २०० आठळ्या, असा हिशेब लोकांना सांगितला जाई. टाकाऊ टरफलांतून घातक द्रव्यं शोषून घेता येतात, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. पण तसा कोळसा करायला भट्टी आणि भरपूर उष्णता लागते, म्हणजे खर्च आलाच.

जड धातूंकडे लक्ष गेलं ते माणसं मेल्यावर. जपानमध्ये मिनामाताचा पाऱ्याचा आजार १९५६ साली नोंदला गेला. जिन्झू नदीकाठच्या ‘इताई-इताई’ या आजाराचं कारण खाणीतलं कॅडमियम आहे, हे तिथल्या सरकारने १९६८ साली मान्य केलं. १९७० मध्ये अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या सेंट क्लेअर सरोवरातल्या माशांत पारा सापडला आणि मासेमारीवर बंदी आली. १९७२ साली अमेरिकी कृषी खात्यातल्या मेंडेल फ्रीडमन आणि अँथनी वाइस यांनी वेगवेगळी शेतमालाची उत्पादनं आणि त्यांतून उरणारे टाकाऊ पदार्थ पारा किती धरतात, ते तपासून प्रसिद्ध केलं. इथे भट्टी नव्हती, माल कच्चाच वापरला होता.

त्याच दशकात शेंगदाण्याच्या फोलपटांवर काम झालं. दाण्याचं कूट करताना आपण फुंकून उडवतो तीच ती लाल फोलपटं. त्यांतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, धातू पकडतं, पण तेच टॅनिन पाण्यात उतरून पाणी रंगवतं. उपाय म्हणून फोलपटांवर फॉर्मल्डिहाइडची प्रक्रिया करावी लागली. ‘फुकटचा कच्चा माल’ तिथेच थोडा महाग झाला.

यामागचं रसायन फार गूढ नाही. तूस, चिपाड, साल यांतल्या सेल्युलोज, लिग्निन, पेक्टिन या घटकांवर कार्बॉक्सिल आणि हायड्रॉक्सिल नावाचे अणूंचे गट असतात. धनभारित शिसं, तांबं, कॅडमियम तिथे चिकटतं आणि कॅल्शियम किंवा हायड्रोजन सुटतो. पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनच जागा अडवतो. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमचं, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचं, मात्र उलटं: ते ऋणभारित रूपात असतं, म्हणून आम्लात जास्त चिकटतं.

भारतात या संशोधनाला उसाने हात दिला. साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये चिपाड जळून जी राख उडते, तिच्यावर रुरकीत काम झालं. तांबं, जस्त, शिसं, क्रोमियम तिने धरलेलं दिसलं. मग जिथे जे पिकतं तिथे त्याचा प्रबंध निघू लागला. कृती ठरलेली: वाळवा, दळा, चाळा, एकाच धातूचं द्रावण करून ढवळा, आलेख काढा. प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देणाऱ्या, कारखान्यातलं पाणी असं सोज्वळ नसतं. त्यात चार धातू, तेल, कधी सायनाइड, शिवाय जागा अडवायला कॅल्शियम.

बातम्यांनीही घोळ वाढवला. २०११ साली ब्राझीलमधल्या संशोधकांनी केळ्याच्या सालीवर नदीच्या पाण्यातलं तांबं आणि शिसं गोळा केलं, ते मुळात मोजमाप सोपं व्हावं म्हणून. छापून आलं ते ‘केळ्याची साल पाणी शुद्ध करते’ असं.

शेतातल्या टाकाऊ मालाची बाजारात पोचलेली एक गोष्ट पुण्याची आहे. टाटांच्या तिथल्या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेचा फिल्टर तयार झाला आणि २००९ मध्ये त्याच वाटेने ‘टाटा स्वच्छ’ आला. मात्र त्याचा रोख जंतूंवर होता आणि राखेच्या जोडीला चांदीचे अतिसूक्ष्म कण होते. धातू हे त्याचं काम नव्हतं.

धातूंच्या बाबतीत गाडं अडतं ते धातूने भरलेल्या तुसापाशी. आम्लाने धुतलं तर धातू आम्लात जातो. जाळलं तर राखेत, आणि पारा असेल तर थेट हवेत. म्हणून कारखाने अजून चुना घालून धातूंचा गाळच काढतात. तोही घातक कचराच, पण त्याची सवय झालेली आहे. चुन्यानंतरही पाण्यात थोडा धातू उरतो. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार शिसं लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. इतक्या कमी प्रमाणावर चुन्याचा फारसा उपयोग होत नाही. तुसाला आणि राखेला खरी जागा आहे ती तिथे, शेवटच्या टप्प्यात.