पावसानंतरची दिवेलागण : ओल्या रस्त्यांचे छायाचित्रण करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानातून कॅमेरा, लेन्स किंवा ट्रायपॉड भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक काढले आहे. पावसाने उघडीप दिली की सायंकाळी कॅमेरा मागायला येणाऱ्यांची गर्दी होते, आणि दुसऱ्या दिवशी सामान परत करताना त्यांतील बरेच जण सांगतात की रस्ता डोळ्यांना चकाकत होता, फोटोत मात्र नुसता काळा आला. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याचा नसतो. वेळ चुकलेली असते.

सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात येते आणि येथे सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो. उत्तरा आणि हस्त नक्षत्रांतला हा पाऊस कोकणासारखा दिवसभर रिपरिपत नाही. दुपारनंतर ढग भरून येतात, झोडपून काढतात आणि पुष्कळदा तिन्हीसांजेच्या आत पश्चिमेकडे आभाळ मोकळे होते. सप्टेंबरच्या मध्यास आपल्याकडे सूर्य सुमारे ६.३० वाजता मावळतो, तर महिनाअखेरीस ६.२० च्या आसपास. आपण विषुववृत्तापासून फार दूर नसल्याने सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरतो आणि कामाचा संधिप्रकाश २२-२३ मिनिटांत संपतो. या काळात दर तीन-चार मिनिटांना आकाशाचा उजेड निम्म्यावर येतो, पण दुकानांच्या पाट्यांचा उजेड मात्र होता तेवढाच राहतो. सूर्यास्तानंतर साधारण दहाव्या ते विसाव्या मिनिटाच्या दरम्यान हे दोन्ही उजेड तोलास तोल येतात : आभाळ गडद निळे दिसते, पाट्यांवरची अक्षरे वाचता येतात आणि खाली रस्त्यावर दोन्हींचे रंग उतरतात. आभाळ पूर्ण झाकलेले असल्यास ही वेळ थोडी अलीकडे सरकते. थंड देशांतील छायाचित्रकार या ‘निळ्या तासा’विषयी जे निवांतपणे सांगतात, ते आपल्याला लागू पडत नाही, आपला सारा कारभार दहा मिनिटांचा.

म्हणून पाऊस थांबल्यावर जागा शोधायला निघणे उपयोगाचे नाही. नवी पेठ किंवा चाटी गल्लीसारखी अरुंद, दोन्ही बाजूंना पाट्या असलेली वाट हवी, की चार हुतात्मा पुतळ्याच्या परिसरासारखा मोकळा चौक हवा, हे कोरड्या दिवशीच एक चक्कर मारून ठरवावे आणि पाणी कोठे साचते तेही पाहून ठेवावे. बऱ्याच दिवसांच्या उघडिपीनंतर पडलेल्या पहिल्या सरीने रस्त्यावरच्या धुळीचा राडा होतो आणि राड्यात प्रतिबिंब मळकट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या पावसाने डांबर धुऊन निघाले की खरी चकाकी येते.

ही चकाकी येते कोठून, हे लक्षात घेतल्यास निम्मे काम झाले. कोरड्या डांबराचा खडबडीत पृष्ठभाग उजेड सगळीकडे विखरतो. पाण्याचा पातळ थर ती खडबड झाकतो आणि रस्ता आरशासारखा वागू लागतो. पाण्याकडे जितके तिरके पाहावे तितके ते अधिक उजेड परत फेकते. त्यामुळे उभे राहून खाली पाहत घेतलेल्या फोटोत रस्ता काळा येतो आणि गुडघ्यावर बसून, कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर धरून घेतलेल्या फोटोत तोच रस्ता उजळतो. डबक्यातले प्रतिबिंब टिपताना फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर करू नये. प्रतिबिंबाचे अंतर म्हणजे आपल्यापासून पाण्यापर्यंतचे आणि पाण्यापासून दिव्यापर्यंतचे अंतर मिळून होते, तेव्हा दिव्यावर किंवा त्याच्या प्रतिबिंबावरच फोकस करावा. पोलरायझर फिल्टर मात्र दुकानातच ठेवून जावा. तो हीच चकाकी पुसतो आणि वर उजेडही खातो.

ओला रस्ता गडद असल्याने कॅमेऱ्याचे स्वयंचलित मोजमाप फसते आणि फोटो गरजेपेक्षा उजळ होऊन पाट्या पांढऱ्या पडतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोसाठी घेतला जाणारा उजेड, अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवावे (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). हातात धरून काम करायचे असल्यास ५० मिमी लेन्स, अपर्चर (लेन्सच्या छिद्राचे माप) एफ २, शटर १/१०० सेकंद आणि आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ८०० ते १६०० येथून सुरुवात करावी, आणि अंधार वाढेल तसा आयएसओ वाढवावा. १/१०० हा आकडा सहज दिलेला नाही. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर त्याहून बरेच वेगवान ठेवल्यास फोटोत आडवे काळे पट्टे येतात. १/१०० किंवा १/५० वर ते सहसा येत नाहीत. ट्रायपॉड असेल तर आयएसओ १०० आणि एफ ११ ठेवून चार ते आठ सेकंदांत वाहनांच्या दिव्यांच्या रेघा मिळतात. या रेघा हौशी ग्राहकांना फार आवडतात. आमच्या मते मात्र छत्री मिटत दुकानाच्या पायरीवर थांबलेला एखादा माणूस त्यांहून अधिक काही सांगतो.

रंगांसाठी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीचे सेटिंग, ४००० केल्विनच्या आसपास स्थिर ठेवावा आणि चित्रे रॉ स्वरूपात (नंतर रंग बदलता येतील अशा कच्च्या फाइलमध्ये) घ्यावीत, कारण पिवळे जुने दिवे आणि पांढरे एलईडी एकाच चौकटीत आले की स्वयंचलित व्यवस्था दर फोटोला वेगळा रंग देते. फ्लॅश बंद ठेवावा. भुरभुर चालू असेल तर त्याच्या उजेडात थेंबांचे पांढरे ठिपके तेवढे उरतात.

वाहत्या रस्त्याच्या मधोमध ट्रायपॉड लावू नये आणि पाण्यात उभ्या असलेल्या विजेच्या खांबाला किंवा डीपीच्या पेटीला टेकू नये. हातगाडीवाल्याचा किंवा दुकानदाराचा चेहरा ओळखू येईल इतक्या जवळून फोटो घेताना त्याला आधी विचारावे. काकांना नंतर एक प्रिंट नेऊन दिली, की पुढच्या पावसात त्यांच्याच पत्र्याखाली उभे राहायला जागा मिळते.

लेन्सला हूड (पुढे बसवायची कड) लावावा आणि समोरच्या काचेवरचे थेंब स्वच्छ सुती फडक्याने टिपून घ्यावेत, घासू नयेत. एसी गाडीतून दमट हवेत आल्यावर काचेवर वाफ धरते, तेव्हा कॅमेरा बॅगेतच ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. अर्थात ती मिनिटे सूर्यास्ताआधीची असावीत. ओला कॅमेरा बंद बॅगेत रात्रभर ठेवल्यास लेन्सला बुरशी लागण्याची भीती असते, म्हणून घरी गेल्यावर बॅटरी काढून सामान पंख्याखाली मोकळे ठेवावे. पाणी आत गेल्याची शंका आल्यास कॅमेरा चालू करून पाहू नये, तसाच दुकानात आणावा आणि काउंटरवर देतानाच तसे सांगावे.