रीमॅप केलेल्या गाडीसाठी क्लच निवडताना
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून ताकद वाढवणं) झाला, टर्बोचा बूस्ट (हवेचा दाब) वाढला, गाडीचा पिकअपही सुधारला. पण चौथ्या गिअरला पाय दाबला की आरपीएमचा काटा वर धावतो आणि गाडी आहे तिथेच रेंगाळते. असं होऊ लागलं की बहुतेक जण थेट ‘सगळ्यात दणकट क्लच द्या’ असं सांगतात. रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीला सगळ्यात दणकट क्लच सहसा लागत नाही. तो बसवलाच, तर वाहतुकीत गाडी चालवणं नकोसं होतं. म्हणून ऑर्डर देण्याआधी एवढं वाचा.

आधी खात्री करा

इंजिन पुरतं गरम झाल्यावर मोकळ्या, सरळ रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरला २००० आरपीएमवर या आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम एकदम चारपाचशेने चढले आणि स्पीड तेवढाच राहिला, तर क्लच घसरतोय. पहिल्या-दुसऱ्या गिअरला ही चाचणी करू नका. तिथे गाडी चटकन वेग घेते, भार टिकत नाही आणि घसरण दिसत नाही. हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरला क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडलं की ‘क्लच चांगला’ म्हणायचं, ही जुनी पद्धत फक्त पार संपलेला क्लच पकडते. रीमॅप केलेल्या गाडीचा क्लच या चाचणीत पास होतो आणि एक्स्प्रेसवेवर घसरतो.

घसरण्याची कारणं आणखीही असतात. क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळत असेल, तर तेल क्लचच्या प्लेटवर (घासून पकड घेणाऱ्या चकतीवर) उडतं. अशा वेळी कितीही महाग क्लच बसवला तरी तो पुन्हा घसरणारच. तेल लागलेली प्लेट पेट्रोलने धुऊन परत बसवणं म्हणजे पैसे आणि मजुरी दोन्ही वाया. केबलच्या गाडीत पेडलला फ्री प्ले उरला नसेल, किंवा हायड्रॉलिकमध्ये मास्टर सिलिंडर पूर्ण परत येत नसेल, तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या भागाच्या) फिंगरवर, म्हणजे तिच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर, सतत दाब ठेवतं. त्यामुळे चांगला क्लचही अर्धवट सुटलेला राहतो. हे तपासायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

हॉर्सपॉवर विसरा, टॉर्क सांगा

क्लचला हॉर्सपॉवर कळत नाही, त्याला फक्त टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) धरायचा असतो. ४०० न्यूटन-मीटर देणारं डिझेल इंजिन २००० आरपीएमला जेमतेम ११४ पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर) देतं, आणि तेवढाच टॉर्क ५५०० आरपीएमला देणारं पेट्रोल इंजिन ३१३ पीएस. क्लचवरचा भार दोन्हीकडे सारखाच. डिझेलवाल्यांचा क्लच ‘एवढ्याशा पॉवरला’ का जातो, याचं उत्तर इथे आहे.

क्लच किती टॉर्क धरेल हे चार गोष्टींवर ठरतं: घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब आणि प्लेटची सरासरी त्रिज्या. या चारांचा गुणाकार म्हणजे क्लचची क्षमता. उदाहरणासाठी स्कोडा लॉरा आरएस घेऊ. तिचं १.८ टीएसआय इंजिन कंपनीकडून १६० पीएस आणि २५० न्यूटन-मीटर घेऊन येतं, गिअरबॉक्स सहा गिअरचा मॅन्युअल. रीमॅपनंतर टॉर्क ३४० झाला असं धरा. प्लेटचा बाहेरचा व्यास २४० मिलिमीटर आणि आतला १६० धरला, तर सरासरी त्रिज्या ०.१ मीटर येते. एका प्लेटला दोन पृष्ठभाग, घर्षणांक ०.३, दाब ५५०० न्यूटन. गुणाकार ३३० न्यूटन-मीटर. म्हणजे क्लच नेमका काठावर. प्लेट तापून घर्षणांक ०.२५ वर आला की क्षमता २७५ वर उतरते. सकाळी ठीक वाटणारा क्लच घाट चढून आल्यावर का घसरतो, ते या आकड्यांत दिसतं. (व्यास, दाब आणि घर्षणांक हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, तुमच्या गाडीचे आकडे वेगळे असतील.)

क्षमता इंजिनच्या कमाल टॉर्कपेक्षा २० ते ३० टक्के जास्त असावी. ३४० साठी साधारण ४१० ते ४४०. याच गणितात दाब ७००० न्यूटन केला की ४२० मिळतात आणि प्लेट कंपनीच्या जातीचीच चालते. ‘पुढे मोठा टर्बो टाकीन’ म्हणून आजच ७०० चा क्लच घेऊ नका. क्लच हा एका अर्थी फ्यूज आहे. तो घसरत नाही तेव्हा झटका गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट आणि माउंटिंगवर जातो, आणि गिअरबॉक्सचं बिल क्लचच्या बिलापेक्षा फार मोठं असतं.

कॅटलॉगमधले आकडे वाचताना एकक पाहा. अमेरिकी कंपन्या पाउंड-फूट लिहितात. ३०० पाउंड-फूट म्हणजे सुमारे ४०७ न्यूटन-मीटर. डायनोच्या (ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावरचा आकडा चाकावरचा आहे की क्रँकचा, हेही विचारा. चाकावरचा आकडा कमी असतो, आणि क्लच निवडायला क्रँकचाच लागतो.

प्लेट कोणती

ऑरगॅनिक. कंपनीच्या बहुतेक गाड्यांत हीच असते. गाडी हळुवार उचलते, हाफ क्लचवर थरथरत नाही. उष्णता मात्र फार सोसत नाही. एकदा जळाली की फेसिंग (घासणारं अस्तर) काचेसारखं गुळगुळीत होतं, आणि गार झाल्यावरही पकड पूर्ण परत येत नाही. जास्त दाबाच्या प्रेशर प्लेटबरोबर ऑरगॅनिक प्लेट, हाच रोजच्या वापराच्या बहुतेक रीमॅप गाड्यांसाठी आमचा पहिला सल्ला.

केव्हलर. उचल गुळगुळीत, आयुष्य लांब. पण नखरेल. सुरुवातीचे किलोमीटर सांभाळून काढले नाहीत आणि एकदा चमक धरली, की पकड परत मिळवणं अवघड जातं. नवी गाडी हातात आली की त्याच रात्री मित्राशी शर्यत लावणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

सिरॅमिक, म्हणजे सिंटर्ड पक (भाजून घट्ट केलेले घासणारे तुकडे) असलेली प्लेट. घर्षणांक जास्त आणि प्रचंड उष्णता सोसते. मधली अवस्था मात्र जवळपास नसते: क्लच सुटलेला तरी असतो, नाहीतर लागलेला. चांदणी चौकातल्या किंवा ठाण्यातल्या संध्याकाळच्या गर्दीत गाडी प्रत्येक वेळी धक्का देत निघते. शिवाय फ्लायव्हीलचा (प्लेट ज्यावर घासते त्या इंजिनच्या जड चाकाचा) पृष्ठभाग लवकर झिजवते. सहा पकची प्लेट चार पकवाल्या प्लेटपेक्षा थोडी सौम्य. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीलाच घ्या. घ्यायचीच तर हबमध्ये (प्लेटच्या मधल्या भागात) स्प्रिंग असलेली घ्या. बिनस्प्रिंगचा हब रस्त्यावरच्या गाडीत प्रत्येक हिसका सरळ गिअरच्या दातांवर पाठवतो.

ट्विन प्लेट. पृष्ठभाग चार होतात, म्हणून तेवढाच टॉर्क जवळपास निम्म्या दाबात धरता येतो आणि पेडल हलकं राहतं. ५०० न्यूटन-मीटरच्या पुढे हाच शहाणपणाचा रस्ता. महाग असते, आणि पेडल दाबल्यावर मधली प्लेट खुळखुळते. तो आवाज बिघाडाचा नसतो.

पेडल जड होण्याकडे ‘पायाला सवय होईल’ म्हणून दुर्लक्ष करू नका. फिंगरवरचा वाढीव दाब क्लच दाबला की क्रँकशाफ्टला पुढे ढकलतो आणि तो सगळा दाब थ्रस्ट वॉशरवर (क्रँकला पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकतीवर) येतो. सिग्नलला क्लच दाबून उभं राहण्याची सवय असेल, तर वॉशर आणि रिलीज बेअरिंग दोन्ही लवकर जातात. सिग्नलला न्यूट्रल करा.

फ्लायव्हील

टर्बो गाड्यांत, विशेषतः डिझेलमध्ये, बऱ्याचदा ड्युअल मास फ्लायव्हील असतं. आतल्या स्प्रिंगा इंजिनची थरथर गिळतात. टॉर्क खूप वाढवून १५०० आरपीएमला उंच गिअरमध्ये पूर्ण पाय दाबला, की या स्प्रिंगा टोकाला जाऊन आपटतात. गिअरबॉक्स उतरवला असताना ते हाताने फिरवून आणि डोलवून कंपनीच्या मर्यादेशी ताडून घ्यावं. ड्युअल मास लेथवर घेऊन पुन्हा बसवण्याचा सल्ला कुणी दिला, तर नको म्हणा.

सिंगल मास (एकसंध, आत स्प्रिंगा नसलेलं) बसवता येतं, पण आयडलिंगला गिअरबॉक्समधून खडखड येते. त्यासोबत स्प्रिंगच्या हबची प्लेट लागतेच. फार हलकं फ्लायव्हील आम्ही रस्त्याच्या गाडीला देत नाही. गाडी उचलताना वारंवार बंद पडते, आणि उष्णता साठवायला लोखंडही कमी पडतं.

उष्णतेचा हिशेब एकदा पाहाच. १४०० किलोची गाडी पहिल्या गिअरला २००० आरपीएम धरून उचलली आणि १५ किलोमीटर वेगाला क्लच पूर्ण लागला, तर सुमारे १२ किलोज्यूल उष्णता क्लचमध्ये जिरते. तीच गाडी ४००० वर उचलली, तर क्लच ३० च्या वेगाला लागतो आणि उष्णता ४९ किलोज्यूल होते. आरपीएम दुप्पट, उष्णता चौपट. फ्लायओव्हरच्या चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरली, तर वेग शून्य आणि सगळी उष्णता प्लेटमध्ये.

बसवताना

गिअरबॉक्स एकदा खाली घेतला की मजुरी तीच. म्हणून रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं सील, असेल तिथे पायलट बेअरिंग आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच टाकतो. हे बोल्ट बहुतेक गाड्यांत ताणले जाणारे असतात, पुन्हा वापरायचे नसतात. स्लेव्ह सिलिंडर (हायड्रॉलिकच्या दाबाने क्लच सोडवणारा) गिअरबॉक्सच्या आत असेल, तर तोही बदला.

सिंगल मास फ्लायव्हील परत वापरायचं असेल, तर पृष्ठभाग घासून घेऊन डायल गेजने रनआउट (फिरताना पृष्ठभाग किती डोलतो ते) पाहावा. क्लच थरथरत लागण्याचं कारण बरेचदा इथेच सापडतं. नव्या प्रेशर प्लेटवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसावं. स्प्लाइनला (शाफ्टच्या खाचांना) ग्रीस नावापुरतं. जास्त लावलं की ते फिरताना उडून फेसिंगवर जातं. प्लेट ‘गिअरबॉक्स साइड’ लिहिलेल्या बाजूनेच बसवावी, उलटी बसली तर हबच्या स्प्रिंगा फ्लायव्हीलच्या बोल्टना घासतात. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडेथोडे आवळत न्यावेत. एकच बाजू आधी ओढली तर डायफ्रॅम (प्रेशर प्लेटची स्प्रिंग) वाकडा होतो आणि मग क्लच नीट सुटत नाही. शेवटी डॉट ४ फ्लुइड बदलून एअर काढायची.

रीमॅप आणि बदललेले भाग विमा कंपनीला लेखी कळवा, दाव्याच्या वेळी वाद नको. कंपनीची वॉरंटी बाकी असेल तर त्यावरही परिणाम होऊ शकतो.

पहिले हजार किलोमीटर

ऑरगॅनिक प्लेटला ८०० ते १००० किलोमीटर शहरातले हवेत. पुण्याहून नागपूरला एका दमात जाऊन आलात, तर आकडा पूर्ण होईल पण प्लेट बसणार नाही, कारण हायवेवर क्लच दाबला-सोडला जातच नाही. या काळात पूर्ण बूस्ट नको, लाँच (जास्त आरपीएमवर झटक्यात गाडी उचलणं) नको, चढावर हाफ क्लच नको. पहिल्या दिवशी थोडा जळका वास आला तर घाबरू नका. आठवडाभरानंतरही येत असेल, किंवा गिअर पडताना, विशेषतः रिव्हर्सला, करकर होत असेल, तर गाडी आणा. हजारानंतर चौथ्या गिअरची वरची चाचणी एकदा करा. केबलची गाडी असेल तर फ्री प्ले त्याच वेळी पुन्हा जुळवून घ्या.