वार पडल्यानंतरचा पहिला तास

बाळंतपणानंतर अंगावरून जाणारे रक्त म्हणजे नऊ महिने साठलेले अशुद्ध रक्त, ते जितके जाईल तितके अंग मोकळे होते, ही समजूत आपल्याकडे खेड्यांत आहे तशी शहरांतही आहे. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलींना मी अनेक वर्षे प्रसूतिशास्त्र शिकवते आहे आणि दर वर्षी वर्गातल्या कितीतरी मुली ही समजूत घरूनच घेऊन आलेल्या असतात. त्यात त्यांचा दोष नाही. आजीने आईला सांगितले आणि आईने त्यांना. परंतु लेबर रूममध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी ही समजूत त्यांच्या मनातून पूर्णपणे गेली पाहिजे, यासाठी मी आग्रही असते. वार, म्हणजे नाळेच्या टोकाशी गर्भाशयाला चिकटलेला अवयव (प्लासेंटा), सुटल्यानंतर जे रक्त वाहते ते आईच्या हृदयातून निघालेले, प्राणवायू वाहून नेणारे, तिच्या मेंदूला आणि मूत्रपिंडांना हवे असलेले रक्त असते.

प्रसूतीच्या पहिल्या दोन अवस्था, म्हणजे गर्भाशयाचे तोंड उघडणे आणि बाळ बाहेर येणे, विद्यार्थिनींना फारशा शिकवाव्या लागत नाहीत, कारण तिथे सगळ्यांचे लक्ष आपोआप लागलेले असते. बाळ रडले की खोलीतला ताण उतरतो, बाहेर पेढ्यांची चर्चा सुरू होते, आणि नेमकी त्याच वेळी तिसरी अवस्था सुरू होते. बाळ जन्मल्यापासून वार पडेपर्यंतचा हा काळ बहुधा अर्ध्या तासाच्या आतच संपतो, पण तो आणि त्यानंतरचा तास आईच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा असतो. दिवस भरत आलेल्या स्त्रीच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला सुमारे ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त जात असते. तिच्या शरीरात एकूण रक्त साधारण सहा लिटर असते असे धरले, तर हा प्रवाह अडला नाही तर काय होईल, याचा हिशेब विद्यार्थिनी स्वतःच मांडतात. दहा मिनिटे.

हा प्रवाह अडतो कसा, हा प्रश्न मला प्रसूतिशास्त्रातला सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. रक्त गोठते म्हणून प्रवाह थांबतो, असे उत्तर बहुतेक जण देतात. बोट कापल्यावर ते पुरेसे असते, कारण तिथल्या बारीक रोहिण्यांच्या (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिन्यांच्या) भिंतींत स्नायू असतात, ते आवळतात आणि मग गुठळी उरलेले काम करते. गर्भाशयात मात्र ही सोय उरलेली नसते. गर्भधारणेच्या पहिल्या अर्ध्या काळात वारेच्या पेशी आईच्या गर्भाशयातल्या मळसूत्रासारख्या वळणदार रोहिण्यांच्या भिंतींत शिरतात आणि तिथला स्नायूंचा व लवचिक तंतूंचा थर काढून टाकतात. अशा सुमारे शंभर रोहिण्या मग सैल, रुंद तोंडाच्या नळ्या बनतात. आई घाबरली, धावली किंवा तिला थंडी वाजली तरी त्या नळ्या आवळत नाहीत आणि बाळाचा पुरवठा संथपणे चालू राहतो. (हे रूपांतर अर्धवट राहिले तर पुढे गरोदरपणातला रक्तदाब आणि झटके यांचा धोका वाढतो, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) बाळासाठी केलेल्या या व्यवस्थेची किंमत वार सुटते त्या क्षणी चुकवावी लागते, कारण शंभर उघडी तोंडे समोर असतात आणि त्यांतले एकही स्वतःहून मिटू शकत नाही.

त्यांना मिटवते ते भोवतालचे गर्भाशय. त्याच्या स्नायूंचा मधला थर वेगवेगळ्या दिशांनी गेलेल्या तंतूंचा, बाजेच्या विणीसारखा असतो आणि त्या विणीच्या फटींतून रोहिण्या आत येतात. तंतू आखडले की प्रत्येक फट, बटव्याची नाडी ओढावी तशी, आवळली जाते आणि आतली रोहिणी चिमटली जाते. शल्यचिकित्सक दोऱ्याने रक्तवाहिनी बांधतात, तीच गोष्ट इथे जिवंत स्नायू करतात, म्हणून या तंतूंना सजीव गाठी असे म्हटले जाते.

येथे आणखी एक बारकावा आहे, आणि विद्यार्थिनींनी तो परीक्षेपुरता पाठ न करता समजून घ्यावा, असे मला वाटते. दंडाचा स्नायू आकुंचन पावतो आणि सैल झाला की मूळ लांबीवर येतो. गर्भाशयाचा तंतू तसे करत नाही. प्रत्येक कळेनंतर तो सैल होतो, पण पूर्वीपेक्षा किंचित आखूडच राहतो. तसे नसते तर कळ ओसरताच बाळ पुन्हा वर सरकले असते. हेच आखूड होणे वार सोडवते. वाळवणाच्या कापडावर चिकटलेली पापडी सोडवताना आपण कापड खालून चुरगाळतो. कापड आकसते, पापडी आकसू शकत नाही, म्हणून ती सुटते. बाळ बाहेर पडल्यावर गर्भाशयाची आतली बाजू अशीच झपाट्याने आकसते, वारेला तितके आकसता येत नाही आणि ती भिंतीपासून सुटते. मग नाळ थोडी लांबल्यासारखी दिसते, रक्ताचा एक लोंढा येतो, गर्भाशय गोल आणि टणक होऊन पोटात थोडे वर सरकते. ही लक्षणे दिसण्यापूर्वी नाळ जोराने ओढली तर गर्भाशय उलटे होऊन बाहेर येण्याची भीती असते. नाळ कापली की वार छातीत चढते, ही जुनी भीती मात्र पूर्णपणे निराधार आहे, कारण गर्भाशयाच्या पिशवीतून छातीकडे जाणारा मार्गच नसतो. वार सुटावी म्हणून बाळंतिणीच्या तोंडात केस कोंबून तिला उबळ आणण्याची प्रथा या भीतीतूनच टिकली आणि तिने बाळंतिणीला यातनांखेरीज काही दिले नाही.

आता रक्तस्राव का होतो, हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. बहुतेक वेळा गर्भाशय ढिले पडलेले असते. जुळी, मोठे बाळ, फार लांबलेल्या कळा यांनी स्नायू दमतो. आत वारेचा तुकडा राहिला तर तो पूर्ण आखडू शकत नाही. आणि मूत्राशय तुडुंब भरलेले असले तरीही तो वर ढकलला जाऊन सैल राहतो, म्हणून मोठ्या उपायांकडे जाण्याआधी विद्यार्थिनीने बाईला लघवी झाली आहे का हे पाहायचे असते. गर्भाशय टणक असूनही रक्त वाहत असेल, तर जखम शोधायची, आणि जखमही नसेल तर रक्त गोठण्यातला दोष. टोन (स्नायूचा ताण), टिश्यू (आत राहिलेला तुकडा), ट्रॉमा (जखम), थ्रॉम्बिन (रक्त गोठणे) हे चार शब्द जगभरच्या प्रसाविका याच कारणांसाठी पाठ करतात.

एक तास मी केवळ डोळ्यांवरचा विश्वास कमी करण्यासाठी राखून ठेवते. बिटाच्या रंगाचे ५०० मिलिलिटर पाणी मोजून चादरीवर, कापसाच्या घड्यांवर आणि थोडे फरशीवर सांडते आणि किती असेल ते लिहायला सांगते. बहुतेक कागदांवर दोनशे, अडीचशे असे आकडे येतात. कापड रक्त पिते आणि आपल्याला फसवते. माझ्या स्वतःच्या शिकाऊ काळात एका रुग्णालयात पांघरुणाखाली झोपलेली एक बाळंतीण, ‘मला झोप येते आहे,’ एवढेच म्हणाली होती. तिची नाडी कोणी पाहिली नव्हती, कारण बाहेर फारसे रक्त दिसत नव्हते. ती वाचली, पण पांघरूण उचलल्यावर जे दिसले ते मी विसरलेले नाही. तरुण, निरोगी स्त्रीचे शरीर रक्त कमी झाल्यावर बराच वेळ रक्तदाब टिकवून धरते. आधी वाढते ती नाडी. म्हणून नाडीचा आकडा वरच्या रक्तदाबाच्या आकड्याच्या जवळ येऊ लागला की, दाब अजून चांगला आहे असे म्हणत थांबू नये.

मोजण्याची साधी रीत आपल्या शेजारीच विकसित झाली, याचा मला अभिमान वाटतो. बेळगाव जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,६२० स्त्रियांवर केलेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बाळंतिणीच्या खाली प्लास्टिकची निमुळती पिशवी लावून, तिच्यावरच्या खुणांनी रक्त मोजले गेले. त्या चाचणीत एएनएम ताईंनी (गावपातळीवरच्या परिचारिकांनी) दिलेल्या, गर्भाशय आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांमुळे रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. पुढे अशीच खुणांची पिशवी आफ्रिकेतल्या मोठ्या चाचणीचा पाया ठरली. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर आधारलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. पिशवीने वेळीच मोजायचे आणि मग गर्भाशय चोळणे, गर्भाशय आवळणारे औषध, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्ताची गुठळी विरघळू न देणारे औषध), शिरेतून सलाइन आणि तपासणी हे सर्व एकामागून एक न करता एकदमच सुरू करायचे, एवढाच बदल होता. नेहमीच्या पद्धतीत निम्मेच रक्तस्राव ओळखले जात होते, ते प्रमाण ९३ टक्क्यांवर गेले आणि गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. नवे औषध नव्हते, नवे यंत्र नव्हते. रक्तस्राव धोक्याचा मानण्याची ५०० मिलिलिटरची मर्यादा पूर्वापार चालत आली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नाडी किंवा रक्तदाब बिघडलेला असेल तर ३०० मिलिलिटरलाच उपचार सुरू करावेत असे सांगितले आणि मी माझ्या तक्त्यावरचा आकडा त्याच आठवड्यात बदलला.

यादीतले ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड जपानमधल्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ मध्ये शोधले. बाळंतपणात रक्त जाऊन स्त्रिया मरतात, ते थांबावे ही त्यांची इच्छा होती. त्या इच्छेची कसोटी २०,०६० स्त्रियांच्या चाचणीत लागली आणि २०१७ मध्ये उत्तर आले, की प्रसूतीनंतर तीन तासांच्या आत दिल्यास हे औषध रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी करते. उताको त्याआधी वर्षभर, २०१६ मध्ये, निवर्तल्या होत्या.

गर्भाशय आवळणारे मुख्य औषध म्हणजे ऑक्सिटोसिन, त्याविषयीही थोडे लिहिले पाहिजे. समाजमाध्यमांवर त्याला प्रेमाचे संप्रेरक म्हणून मिरवले जाते आणि मिठी मारल्याने ते किती वाढते याच्या गोष्टी पसरतात. त्याची पक्की, शतकभर तपासलेली ओळख वेगळी आहे. हेन्री डेल यांनी १९०६ मध्ये मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आवळते हे दाखवले. विन्सेंट द्यु विन्यो यांनी १९५३ मध्ये ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवले आणि १९५५ चे नोबेल पारितोषिक मिळवले. बाळ जन्मल्यावर मिनिटभरात मांडीत दिलेली त्याची १० युनिटे सजीव गाठी आवळतात. पण तेच इंजेक्शन बाळ बाहेर येण्याआधी, केवळ कळा लवकर याव्यात म्हणून स्नायूत देणे घातक आहे. त्याने बाळ गुदमरू शकते आणि गर्भाशय फाटू शकते. शिवाय हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या उपकेंद्रात खिडकीजवळच्या ट्रेमध्ये पडून राहिलेल्या ॲम्प्युलवर (औषधाच्या काचेच्या कुपीवर) भरवसा ठेवता येत नाही, म्हणून औषध देण्याइतकेच ते ठेवायला शिकवणे मला महत्त्वाचे वाटते.

पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भाशय टणक आहे ना हे पाहणे, नाडी मोजणे आणि खालची कापसाची घडी पाहणे, हे विद्यार्थिनींचे खरे प्रशिक्षण. सुमारे किलोभर वजनाचे गर्भाशय सहा आठवड्यांत पुन्हा मुठीएवढे होते. प्रसूतीनंतर त्याचा माथा बेंबीच्या आसपास लागतो, मग रोज साधारण बोटभर खाली उतरतो आणि दहा-बारा दिवसांनी पोटावरून हाताला लागत नाही. अंगावरून जाणे तीन-चार दिवस लाल, मग तपकिरी-गुलाबी आणि दहाव्या दिवसानंतर फिकट होत जाते. दूध पाजताना पोटात येणाऱ्या कळांनी घाबरण्याचे कारण नाही. बाळाने ओढले की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटते आणि गर्भाशय आवळते. घरातल्या डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांना माझा आक्षेप नाही, पण बाळंतिणीला पाणी मोजून देणे मात्र बंद झाले पाहिजे, कारण रक्त गेलेल्या शरीराला पाणी लागते आणि दुधालाही. ताप, घाणेरडा वास, गुठळ्या, किंवा कमी झालेले लाल रक्त पुन्हा वाढणे, यांपैकी काहीही दिसले तर सव्वा महिन्याचा विधी होईपर्यंत थांबू नये. आशाताईंच्या ३ऱ्या, ७व्या, १४व्या, २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवसाच्या भेटींत बाळाचे वजन होते, तेव्हाच आईलाही या गोष्टी विचारल्या जाव्यात, असे मी विद्यार्थिनींना सांगते.

शेवटच्या प्रात्यक्षिकात मी त्यांना बाळंतिणीचाच हात धरायला लावते. तिची बोटे तिच्या बेंबीखाली ठेवायची, हलके दाबायचे आणि तो टणक गोळा तिला स्वतःला सापडेपर्यंत थांबायचे. तो मऊ लागला तर तिथेच गोलाकार चोळायचे आणि लगेच हाक मारायची, एवढे तिला सांगून मगच पुढच्या खाटेकडे जायचे.