चढ बैलाचा, घाम आपला

जानेवारी २०२६मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. १९ ते २३ तारखेपर्यंत देशोदेशीच्या सायकलपटूंनी मुळशी, मावळ, पुरंदर, बारामतीकडचे मिळून ४३७ किलोमीटर पालथे घातले. आमच्यासारख्या रविवारच्या सायकलवाल्यांनी आधी नव्या डांबराचं कौतुक केलं, शर्यतीचं नंतर. त्या आठवड्यात ऑफिसात एकाने विचारलं, ‘हे मार्ग ठरवले कुणी?’ आखणीचं श्रेय आयोजकांना द्यायलाच हवं. पण यातल्या बऱ्याच वाटा कुठून जाणार हे शे-दोनशे वर्षांपूर्वीच ठरलं होतं, आणि मावळात तर दोन हजार वर्षांपूर्वी.

पुण्याभोवतीचा एकही जुना रस्ता सायकलसाठी बांधलेला नाही. तो कुणासाठी बांधला होता, हे मात्र चढताना मांड्यांना कळतं. भरलेल्या गाडीच्या बैलाला फार उभा चढ झेपत नाही. त्याच्यासाठी वाट लांबवावी लागते, वळणं मोठी ठेवावी लागतात. दमेल पण थांबणार नाही, इतपतच चढ. आपल्यालाही नेमका तसाच लागतो. म्हणून बैलासाठी आखलेले घाट सायकलवर गोड वाटतात, आणि मोटारीसाठी केलेले जीव काढतात.

सगळ्यात जुनी वाट बोरघाटाची. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने निघालं की वडगाव, कामशेत मागे टाकून कार्ला फाटा येतो. तिथे उजवीकडे वळलं की डोंगराच्या पोटात इसवी सनापूर्वीपासून कोरत आणलेली लेणी. चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी अजून तशाच आहेत. खांबांवरच्या लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत धेनुकाकट गावची माणसं आहेत, स्वतःला यवन, म्हणजे ग्रीक, म्हणवणारेही आहेत. आडरानात एवढा पैसा का ओतला असेल? कारण ते आडरान नव्हतंच. कोकणातल्या बंदरांवरून घाटमाथ्यावर येणारा माल याच वाटेने चढायचा. समोरच्या अंगाला भाजे आणि बेडसे, वर पहाऱ्याला लोहगड-विसापूर. सायकल खाली पानवाल्याच्या भरवशावर ठेवून पेडलला अडकणारे क्लीटचे बूट टकटकवत पायऱ्या चढाव्यात, तर शेजारून एकवीरेला निघालेली कोळी मंडळी नवसाचं सामान घेऊन आपल्याला मागे टाकतात. तीही कोकणातून हाच घाट चढून आलेली असतात.

याच वाटेने १७७९च्या जानेवारीत इंग्रजांची फौज आली होती. रघुनाथरावांना पेशवाईच्या गादीवर बसवायचं म्हणून मुंबईहून निघालेली. तोफा घाटावर ओढायला हजारो बैल, आणि त्या बैलांच्या चालीने पुढे सरकणारं सैन्य. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या शौर्यावर मराठेही खूश होते. त्यांनी त्याला ‘इष्टुर फाकडा’ करून टाकलं. शत्रूच्या नावाचं इतकं मराठमोळं बारसं क्वचितच झालं असेल. फौज तळेगावापर्यंत पोचली, माघारी वळली आणि वडगावात कोंडली गेली. तिथे तह झाला. फाकड्याची समाधी वडगाव मावळात आहे, पण तिथे थांबणारे सायकलवाले मी फारसे पाहिले नाहीत. सगळ्यांना लोणावळ्याचा वडापाव गाठायचा असतो.

चाकाच्या गाडीला घाट मोकळा झाला १८३०मध्ये, गव्हर्नर माल्कमच्या काळात. १८६३मध्ये रेल्वेही घाटातून चढली. रस्त्याबद्दल घाटात सांगतात ती गोष्ट वेगळी आहे. साहेबाला वाट सापडेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने आपली गुरं ज्या वाटेने उतरायची ती दाखवली. बदल्यात बक्षीस माग म्हटल्यावर त्याने स्वातंत्र्य मागितलं, आणि त्याला गोळी घातली. गोष्टीला कागदाचा आधार मागू नये. पण जनावराच्या पायाला चढ कळतो, इंजिनिअर मागून येतो, हे त्यातलं मर्म मला पटतं. शिंगरोबाचं देऊळ घाटात आहे, आणि येणारेजाणारे ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. तो किताब ऐकूनच आमच्या आधीच्या पिढीतली पोरं घरची अवजड काळी सायकल घेऊन घाटाला भिडायची. २००२मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. त्यावर सायकलला बंदी. आपल्या वाट्याला जुना रस्ता उरला, आणि घाटात दोन्ही रस्ते जिथे एक होतात तिथे जीव मुठीत. घाटातला १८३०चा पूल, ज्याला मलमाच्या जाहिरातीवरून लोक अमृतांजन पूल म्हणायचे, एप्रिल २०२०मध्ये लॉकडाऊनमध्ये पाडला. खालून जाताना मान वर व्हायची सवय अजून गेलेली नाही.

दिवे घाटाचं आणखी वेगळं. हा पालखीचा घाट. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माऊलींच्या सोहळ्याला आजची शिस्त दिली, आणि पुण्याहून सासवडला जाणारा हा टप्पा वारीतल्या मोठ्या टप्प्यांपैकी एक. पहाटे साडेपाचला हडपसरच्या पुलाखाली जमायचं, वडकीपर्यंत ट्रकची धूळ खायची, मग डावी-उजवी वळणं सुरू होतात आणि खाली पेशवाईतला मस्तानी तलाव दिसू लागतो. वारीत इथे रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं: आपण घाटाच्या पायथ्याशी गिअर पाडतो, ते याहून वेगळं काय? चढ साधारण पाच टक्क्यांचा, एकसारखा, कुठेही दगा न देणारा. शेजारचा बोपदेव घाट लांबीला कमी, पण चिवट. जाताना दिवे आणि येताना बोपदेव उतरायचा, असा आमच्याकडचा लूप. उलट करणारेही आहेत, त्यांना आम्ही हात जोडतो.

वर सासवडला सोपानदेवांची समाधी, कऱ्हेकाठी संगमेश्वर. पुढे नारायणपूर, आणि डोक्यावर पुरंदर: १६५७मध्ये संभाजी महाराजांचा जन्म इथला, आणि १६६५चा मिर्झाराजांशी तहही याच किल्ल्याच्या नावाचा. हल्ली पालखी मार्गाच्या रुंदीकरणाने दिवे घाटाचा डोंगर कापला जातोय. रस्ता सरळ होईल, रुंद होईल. त्याने सायकलवाल्याचं भलं होईल असं मला वाटत नाही. मोठ्या रस्त्यावर मोठी गाडी जोरात जाते, एवढंच आजवर पाहिलंय.

पश्चिमेकडच्या वाटा पाण्याने आखल्या. मुळशीच्या धरणाकाठचा रस्ता पावसाळ्यानंतर इतका देखणा असतो की फोटोसाठी उतरल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. त्या पाण्याखाली शेतं आहेत. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी खोरं बुडणार म्हणून १९२१मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते इथेच. धरण तरीही झालं. वीज मुंबईला गेली. खोऱ्याचा सपाट तळ पाण्याने घेतला, त्यामुळे रस्ता डोंगराच्या कुशीत वळसे घेत जातो. आपण ज्याला ‘रोलिंग’ म्हणतो, त्या चढउताराचं कारण हे. खडकवासला त्याहून जुनं, एकोणिसाव्या शतकातलं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटल्यावर त्याचीही भिंत वाहून गेली आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. आता खडकवासल्याच्या काठी रविवारी कणसांचा धूर असतो.

तिथूनच पुढे सिंहगड. गड गाजला तो १६७०मध्ये, तानाजीमुळे; गाडीरस्ता मात्र अलीकडचा, इंजिनासाठी केलेला, आणि ते जाणवतं. पायथ्याच्या नाक्यापासून वाहनतळापर्यंत आठ-नऊ किलोमीटर, सरासरी सात टक्के, आणि सरासरी या शब्दावर विश्वास ठेवू नये. शेवटच्या वळणांना चाक इतकं हळू फिरतं की माशी हँडलवर बसून येते. बैलगाडी इथून कधी चढली नसती. वर मटक्यातलं दही मिळतं म्हणून लोक दुसऱ्यांदा येतात.

पुणं सायकलींचं शहर होतं, तेव्हा मात्र या घाटांकडे फार थोडे फिरकायचे. सायकल कामाची होती. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की रस्ताभर घंट्या, आणि संध्याकाळी दिवा नसला तर चौकात पोलीस हवा सोडायचा. हौशी सायकल आली ती स्कूटर-मोटारींनी ही जुनी सायकल घरातून घालवल्यावर, बरीच महाग होऊन, गिअर लावून.

मागच्या हिवाळ्यात खोपोलीहून घाट चढून आम्ही शिंगरोबापाशी टेकलो. नाणं कुणाच्याच खिशात नव्हतं, सगळे पैसे फोनमध्ये. शेवटी एकाने जर्सीच्या मागच्या खिशातून उरलेले दोन खजूर काढून देवापुढे ठेवले, आणि आम्ही खंडाळ्याकडे निघालो.