एमएस्सी डेटा अ‍ॅनालिटिक्स : नाव नवे, घर कोणाचे?

बीएस्सीचे निकाल लागले की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या झेरॉक्सच्या दुकानात ऑनलाइन फॉर्म भरता भरता पालक विचारतात, ‘‘स्टॅटला (संख्याशास्त्राला) घालू की डेटा अ‍ॅनालिटिक्सला?’’ दोन्हीकडे दोन वर्षे, चार सत्रे. विषयांची नावेही बरीचशी सारखी. तरी हा प्रश्न रास्त आहे, आणि तो एका दिवसात तयार झालेला नाही.

डेटाचे विश्लेषण हे स्वतंत्र शास्त्र मानावे, असे एका अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने मांडले ते १९६२ साली. त्याच वर्षी कोल्हापुरात विद्यापीठ उभे राहिले. इथे मात्र पुढची चार दशके संख्याशास्त्राची एमएस्सी म्हणजे प्राध्यापकी, बँक किंवा सरकारी सांख्यिकी खाते, एवढेच समीकरण होते. पुण्यात औषधचाचण्यांच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या कंपन्या आल्या, ‘सॅस’ ही आकडेवारीची संगणक प्रणाली येणारी मुले त्यांना हवी होती, तेव्हा आपल्याकडची मुले तिकडे जाऊ लागली. काम अ‍ॅनालिटिक्सचेच होते. तो शब्द कोणी वापरत नव्हते.

शब्द आला २०१२ नंतर. त्या वर्षी एका अमेरिकन व्यवस्थापन मासिकाने डेटा सायंटिस्टची नोकरी या शतकातली सर्वांत आकर्षक नोकरी ठरवली. २०१५ मध्ये देशातल्या तीन नामवंत संस्थांनी एकत्र येऊन बिझनेस अ‍ॅनालिटिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा सुरू केला. मग राज्यभर नावांची रांग लागली: डेटा सायन्स, डेटा अ‍ॅनालिटिक्स, बिझनेस अ‍ॅनालिटिक्स, अप्लाइड स्टॅटिस्टिक्स अँड इन्फर्मेटिक्स. ‘विदा’ हा चांगला मराठी शब्द सुचवला गेला होता, पण प्रवेशपुस्तिकेत तो दिसत नाही.

खरा वाद नावाचा नाही, अभ्यासक्रम कोणत्या विभागात ठेवायचा याचा आहे. संगणक विभागात गेला की पायथनसारखी प्रोग्रामिंग भाषा, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), मशीन लर्निंग पुढे येते आणि नमुना कसा निवडला हा प्रश्न मागे पडतो. व्यवस्थापनाकडे गेला की डॅशबोर्ड आणि सादरीकरण. संख्याशास्त्राकडे राहिला तर अनुमान (नमुन्यावरून सगळ्यांबद्दलचा निष्कर्ष), रिग्रेशन (एका आकड्याचा दुसऱ्याशी संबंध), प्रयोगांची आखणी पक्की होते. मुलांची तक्रार असते की कोडिंग उशिरा येते. तक्रार खरी आहे. तरीही माझे मत संख्याशास्त्राच्या बाजूने आहे. पायथन सहा महिन्यांत शिकता येते. आकडा कुठून आला, हे विचारायची सवय तेवढ्यात लागत नाही.

पात्रतेची गुंतागुंत याहून जास्त महाग पडते. भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला पदवीत सांख्यिकी हा एक विषय लागतो, नाहीतर सांख्यिकीचीच पदव्युत्तर पदवी लागते. बीएस्सीला स्टॅट घेतलेल्या मुलीने पुढे डेटा अ‍ॅनालिटिक्स केले तरी तिचे काही अडत नाही. पदवीत सांख्यिकी हा विषय नसलेला मुलगा तेच करतो, आणि फॉर्म भरताना त्याला कळते की आपल्या पदवीचे नाव यादीत नाही. प्रवेश घेतानाच हे कोणी सांगत नाही, याचे मला फार वाईट वाटते. ‘गेट’ या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आला, त्यामुळे पुढच्या शिक्षणाची वाट थोडी मोकळी झाली आहे.

प्रत्यक्ष काम कसे असते? एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पासाठी ऊस नोंदीची फाइल उघडली होती. एकच गाव तीन स्पेलिंगांनी, ‘खोडवा’ (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटलेले पुढचे पीक) कुठे शब्दात तर कुठे नुसत्या ‘२’ने, लागणीच्या तारखेच्या रकान्यात मोबाइल नंबर. पहिले पाच आठवडे साफसफाईतच गेले. मॉडेल दोन दिवसांत झाले. पण तोड कधी दिली म्हणजे उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, किती पडतो, हे त्या फाइलीतून दिसू लागले. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, उताऱ्यावरच ठरते, म्हणजे हा शेतकऱ्याच्या पैशाचा हिशेब आहे. तसे तर जुलैत आख्खे कोल्हापूर डेटा वाचते: पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट, इशारा ३९ला, धोका ४३ला, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले. त्या नोंदींवरून पुढच्या बारा तासांचा अंदाज बांधणे हा एमएस्सीच्या चौथ्या सत्राला शोभेल असा विषय आहे.

गेल्या तीन-चार वर्षांत चित्र भराभर बदलले. नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात करण्याची मुभा दिली. त्या एका वर्षात प्रकल्पाला किती वेळ उरेल, ही काळजी शिक्षकांना आहेच. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आले; साधे रिपोर्ट आणि एसक्यूएलच्या क्वेरी, ज्यावर नवख्यांची पहिली नोकरी चालायची, ते काम आता यंत्र करून देते. २०२३-२४ मध्ये मोठ्या आयटी कंपन्यांनी कॅम्पस भरतीही आखडती घेतली. मुलाखतीत आता ‘कोणते टूल येते’ यापेक्षा ‘हा निष्कर्ष चुकीचा असेल तर कसे ओळखाल’ असे विचारतात, असे परत आलेली मुले सांगतात.

बँका, विमा, औषधचाचण्या, पुरवठा साखळी ही क्षेत्रे अजून माणसे घेतात, पण पुण्यात नाहीतर बेंगळुरूला. कोल्हापुरात डेटा आहे साखरेचा, दुधाचा, उद्यमनगरातल्या फाउंड्रीतल्या रिजेक्शनचा (नापास झालेल्या मालाचा). मी पाहिलेल्या कारखान्यांत तो सांभाळणारी जागा अजून ‘कॉम्प्युटर ऑपरेटर’ याच नावाने भरतात, आणि पगारही त्याच नावाचा देतात.